हजेरीचं मशीन आणि हप्त्याचे पैसे



आजच्या भाषणाला निमित्त झालं आमच्या ग्रामसंघाच्या मागच्या बैठकीचं. शिरोली एमआयडीसीच्या आसपासच्या गावांत गेल्या काही वर्षांत प्रशिक्षण केंद्रांची ये-जा वाढली आहे. अशीच एक संस्था आमच्याकडे आली. म्हणाली, तुमचा हॉल द्या, तीस बायका जमवून द्या, शिलाईचा कोर्स घेतो. फी काही नाही, सर्टिफिकेट मिळेल, नोकरीही बघून देऊ. बैठकीत सगळ्या खूश. एक वहिनी मात्र भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "मी केलाय असला कोर्स. मागं दुसऱ्या केंद्रात नाव घालायला गेले तर तिथला पोरगा म्हणाला, मावशी, तुमच्या नावापुढं नोकरी लागलीय असं दिसतंय. मी तर त्या दिवसापास्नं घरातच हाय. मग नोकरी लागली कुणाला?"

सगळ्या हसल्या, पण मला हसू आलं नाही. कारण लग्नाआधी मी अशाच एका केंद्रात अडीच वर्षं कॉम्प्युटरवर माहिती भरायचं काम केलं आहे. केंद्राचं नाव सांगत नाही, आता ते बंदही झालंय. पण वहिनींच्या नावापुढं नोकरी कशी चिकटली असेल, ते मला बसल्या जागी समजलं. तेच आज उलगडून सांगते. कारण फुकटच्या कोर्समध्ये पैसा सरकारचा असला, तरी तो ज्या माहितीवर सुटतो ती माहिती आपली असते. आपलं नाव, आधार, बोटाचा ठसा, फोटो, खातं.

आधी पैसा कसा येतो ते बघू.

केंद्र सरकारनं १५ जुलै २०१५ ला स्किल इंडिया मोहीम सुरू केली. त्याच वेळी कौशल्य प्रशिक्षणासाठी खर्चाचे सामाईक नियम काढले. त्याआधी प्रत्येक खात्याचा दर वेगळा होता. या नियमांत दर तासाला, दर माणशी ठरला. कोर्सच्या प्रकाराप्रमाणे तीन गट केले: ताशी ३८ रुपये ५० पैसे, ३३ रुपये आणि २७ रुपये ५० पैसे. पुढं हे दर वेळोवेळी वाढत गेले. या ताशी दरातच शिक्षकाचा पगार, कापड-दोरा, बायका जमवण्याचा खर्च, नोकरी शोधून देणं आणि नंतरची विचारपूस एवढं सगळं धरलेलं असतं. परीक्षेचे पैसे तेवढे वेगळे.

हे पैसे एकदम मिळत नाहीत, तीन हप्त्यांत येतात. २०१५ च्या नियमांत पहिला हप्ता ३० टक्के, तो बॅच सुरू झाल्यावर. दुसरा ५० टक्के, परीक्षा होऊन सर्टिफिकेट मिळाल्यावर. तिसरा २० टक्के, शिकलेल्या बायका-पोरी कामाला लागल्यावर. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात तर हे ३०-४०-३० झालं, म्हणजे शेवटचा हप्ता आणखी जड झाला.

आपण बचत गटवाल्या, हिशोब कळतो आपल्याला. म्हणून एक उदाहरण करून बघू. सोपं जावं म्हणून ताशी ४० रुपये धरा. कोर्स ३०० तासांचा. म्हणजे एका बाईमागे १२,००० रुपये. तीस बायकांचे ३ लाख ६० हजार. बॅच सुरू झाली, ३० टक्के आले: १ लाख ८ हजार. केंद्रानं मशिनी आणल्या, शिक्षिका ठेवली. महिन्याभरात भांगलणीचे दिवस आले, सहा जणी गळाल्या. उरल्या चोवीस. परीक्षेत पास झाल्या बावीस. आता सरकार हिशोब करतं तो तीस जणींचा करत नाही, बावीस जणींचाच करतं. बावीस जणींचे एकूण २ लाख ६४ हजार. त्याचे ८० टक्के म्हणजे २ लाख ११ हजार २००. त्यातून आधी दिलेले १ लाख ८ हजार वळते केले की दुसऱ्या हप्त्याला हातात पडतात १ लाख ३ हजार २००. केंद्र मनात धरून बसलं होतं १ लाख ८० हजार.

आता राहिला तिसरा हप्ता, ५२ हजार ८००. इथं खरी गोम आहे. नियम असा की पास झालेल्यांपैकी किमान ७० टक्के जणी तीन महिन्यांत कामाला लागल्या पाहिजेत आणि पास झालेल्यांपैकी निदान निम्म्या तरी पगारी नोकरीत हव्यात. आपल्या उदाहरणात सोळा जणी कामाला आणि त्यातल्या अकरा पगारावर, मग पूर्ण हप्ता. ७० टक्क्यांच्या खाली पण पन्नासच्या वर राहिलं तर त्या प्रमाणात पैसे. पन्नासच्याही खाली गेलं तर शून्य. एक पै नाही.

आता तुम्हीच सांगा. केंद्र चालवणाऱ्याच्या डोक्यावर हॉलचं भाडं आहे, मशिनींचं कर्ज आहे, शिक्षिकेचा पगार थकलाय. बावीसपैकी नऊच जणी कामाला लागल्यात. आणखी दोन नावांपुढं टिकमार्क झाली तर अर्ध्याहून अधिक तिसरा हप्ता येतो, नाही झाली तर काहीच येत नाही. त्या वेळी कॉम्प्युटरसमोर मी बसलेली असायची आणि मागं उभं राहून कुणीतरी म्हणायचं, "त्यांना स्वयंरोजगार टाक की. घरी शिवत असतीलच." मी टाकलंय. खोटं बोलत नाही. तेव्हा वाटायचं, यात कुणाचं काय जातंय?

स्वयंरोजगाराला पुरावा लागतो, नाही असं नाही. दुकानाचा परवाना, धंदा सुरू केल्याचा दाखला, उत्पादक गटाचं सभासदत्व किंवा जादा कमाई दाखवणारं बँकेचं पासबुक, यातलं काहीतरी चालतं. उत्पादक गटाचं सभासदत्व हा शब्द लक्षात ठेवा. कोर्स संपताना कुणी गटाच्या लेटरहेडवर सभासदांची यादी सही-शिक्क्यानिशी मागितली, तर ती कशासाठी हवी आहे ते आधी विचारा. गटाच्या अध्यक्षांची एक सही आणि दहा जणी एका रात्रीत उद्योजिका होतात.

हे फक्त आमच्या केंद्रात झालं असं समजू नका. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, ज्यांना आपण कॅग म्हणतो, त्यांनी या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेची २०१५ ते २०२२ या काळाची तपासणी केली. तो अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात असं निघालं की सुमारे ९५ लाख ९० हजार प्रशिक्षणार्थींपैकी शेकडा ९४ हून जास्त जणांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, कोरी जागा किंवा काहीच अर्थ नसलेलं लिहिलेलं होतं. काही ठिकाणी 'एक एक एक एक' असे आकडे. काही ठिकाणी एकच खातं अनेकांच्या नावावर. वेगवेगळ्या लाभार्थींना एकच फोटो लावलेला. सर्टिफिकेट मिळालेल्यांपैकी नोकरीला लागलेले निघाले शेकडा ४१ च्या आसपास. मंत्रालयाचं म्हणणं असं की पुढं पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जाऊ लागले, म्हणून खातं नंबर भरायची सक्ती उरली नव्हती. असेलही. पण 'एक एक एक' भरणारं बोट कुणाचं असतं ते मला माहीत आहे. संध्याकाळी सात वाजलेले असतात, शेवटची बस चुकायची वेळ झालेली असते आणि रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नसतं. माझ्यासारखीच कुणीतरी पोरगी असते ती, महिना सहा-सात हजारांवर.

आता हजेरीकडं येऊ. कोल्हापूरच्या मातीला हजेरी नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. तो पालकाला होता. आताच्या व्यवस्थेत विद्यार्थिनी आली नाही तर फटका केंद्राला बसतो, म्हणून केंद्र हजेरी लावून घ्यायला धडपडतं. वहीतल्या सह्यांवर कुणाचा विश्वास उरला नाही, म्हणून आधारला जोडलेलं अंगठ्याचं मशीन आलं. आल्यावर एकदा, जाताना एकदा.

चांगलं आहे. पण आपल्या बोटांचं काय? धुणीभांडी, ऊस तोडणी, शेणाऱ्या थापणं, फौंड्रीत कोअर बनवायला जाणाऱ्या बायकांच्या हाताला तर वाळूच लागलेली. ठसे पुसट होतात. मशीन लाल दिवा दाखवतं आणि बाई ओशाळते, जणू तिचंच काही चुकलं. मी कितीतरी जणींना ओल्या फडक्यानं बोट पुसायला लावलंय, दुसरं बोट, तिसरं बोट. तरी नाही घेतलं की त्या दिवशी ती बाई गैरहजर. हजेरी ठरलेल्या टक्क्यांखाली गेली की परीक्षेला बसता येत नाही. म्हणून कोर्स सुरू व्हायच्या आधीच आधार केंद्रात जाऊन ठसे आणि मोबाईल नंबर अद्ययावत करून घ्या. आता बऱ्याच ठिकाणी चेहरा दाखवूनही ओळख पटते, ती सोय आहे का ते विचारा. आणि ज्या दिवशी मशीन घेत नाही, त्या दिवशी कागदी वहीत वेळ घालून सही करा, शिक्षिकेची सही घ्या आणि मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. पुढं भांडायची वेळ आली तर तोच आधार.

नावनोंदणी आता स्किल इंडिया डिजिटल नावाच्या सरकारी पोर्टलवर होते. ते सप्टेंबर २०२३ पासून सुरू आहे. मोबाईलवर ओटीपी येतो, आधारशी पडताळणी होते. इथं एकच गोष्ट सांगते: मोबाईल नंबर स्वतःचा द्या. निदान घरातल्या माणसाचा द्या. आमच्या केंद्रात काही बॅचना नंबर केंद्रातल्याच कुणाचा टाकलेला असायचा, लवकर काम व्हावं म्हणून. मग पुढचे सगळे मेसेज त्या माणसाला. तुमचं सर्टिफिकेट निघालं, तुम्हाला नोकरी लागली, तुमच्या खात्यात पैसे आले की नाही आले, तुम्हाला पत्ताच नाही. कोर्स झाल्यावर वर्षभर प्रशिक्षणार्थीची विचारपूस करायची असा नियम आहे. तो फोनही त्याच नंबरवर जाणार आणि तोच माणूस तुमच्या वतीनं "हो, चाललंय काम" म्हणणार. वहिनींचं असंच झालं असावं.

आधारची झेरॉक्स देताना त्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते पेनानं लिहा. निव्वळ ओळखीसाठी असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं झाकलेलं आधारही आधारच्या वेबसाईटवरून काढता येतं. बोटाच्या ठशाला कुलूप घालायचीही सोय आहे. कोर्स संपला की घाला. आधारविषयी काही अडलं तर १९४७ नंबरला फोन लावा, स्वातंत्र्याचं साल आहे, विसरणार नाही. २०२३ साली आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत, ते टप्प्याटप्प्यानं लागू होतील. माहिती कशासाठी घेता हे विचारायचा आणि चुकीची असेल तर दुरुस्त करून मागायचा हक्क त्यात मान्य केलाय.

काही जणी म्हणतील, एवढं सगळं किचकट करून ठेवण्यापेक्षा सरळ अनुदान द्यावं. जुन्या काळी तसंच होतं. मुंबईत वरळीला १९६७ साली श्रमिक विद्यापीठ सुरू झालं, गिरणी कामगार आणि त्यांच्या घरच्यांना शिकवण्यासाठी. देशातलं पहिलं. पुढं अशा संस्था ठिकठिकाणी झाल्या, २००० साली त्यांचं नाव जन शिक्षण संस्थान झालं आणि २०१८ मध्ये त्या शिक्षण खात्यातून कौशल्य खात्याकडं गेल्या. तिथं वर्षाचं अनुदान मिळतं, निरक्षर किंवा शाळा सुटलेल्या बायकांनाही प्रवेश असतो. पण अनुदान दिलं आणि कुणी आलंच नाही तर? हा प्रश्नही खराच. इंग्लंडात कॉलेजांना दर महिन्याला एकेका विद्यार्थ्याची नोंद सरकारला कळवावी लागते. तिथं सोळा ते एकोणीस वर्षांच्या मुलानं वर्षाच्या कोर्सला सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस पुरे केल्याशिवाय तो पैशासाठी धरलाच जात नाही, आणि मोठ्यांच्या कोर्सचे बरेचदा २० टक्के पैसे पास झाल्यावरच मिळतात. म्हणजे हा घोळ जगभर आहे. पैसे मोजून द्यायचे म्हटलं की मोजणाऱ्याला नोंद हवी, आणि नोंदीवर पैसे मिळतात म्हटलं की नोंद फुगते.

माझं मत विचाराल तर मला मोजणीचा राग नाही. राग आहे तो तीन महिन्यांच्या घाईचा. शिलाई शिकलेली बाई तीन महिन्यांत पगारी नोकरीला लागत नाही. सासू म्हणते बघू, मूल लहान असतं, इचलकरंजीच्या कारखान्याची बस सकाळी सातला असते. वर्षानं ती घरी ब्लाऊज शिवायला लागते, दोन वर्षांनी मशीन घेते. तेव्हा कुणी मोजायला येत नाही. दुसरं असं की आपल्या दारात एमआयडीसी आहे. फौंड्री आहेत, मशीन शॉप आहेत, तपासणीला, पॅकिंगला, स्टोअरला माणसं लागतात, आणि आपल्याकडं बॅचवर बॅच निघते ती शिलाईची. कारण शिलाईला बायका पटकन जमतात आणि मशिनी स्वस्त पडतात. कारखान्यात शिकता-शिकता कमवायचं असेल तर १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवारीची सोय आहे. तिथं विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. दहावी-बारावी झालेल्या पोरींना शिलाईला बसवायच्या आधी हे एकदा बघा.

स्वतःचा धंदाच करायचा असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणची स्वरोजगार प्रशिक्षण संस्था बघा. ती बँका चालवतात. आपल्याकडं अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया, त्यांची स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्था कोल्हापुरात आहे. राहणं-जेवण फुकट आणि कोर्सनंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा असतो. बायकांना शिकवून मग बँकेचं कर्ज मिळवून देणं हाच त्यांचा हिशोब असल्यामुळं तीन महिन्यांची तलवार तिथं नसते. उमेदच्या आपल्या सीआरपी ताई नाव पाठवू शकतात.

आणखी एक. २०१५ च्या नियमांत, घरून ये-जा करून शिकणाऱ्या स्त्रियांना प्रवासखर्चाची तरतूद केलेली आहे. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात महिना १,००० रुपये, बाहेर असेल तर १,५००, आणि ते कोर्स पुरा करून पास झाल्यावर. सगळ्या योजनांत ते लागू असेलच असं नाही. पण विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही, हा माझा अनुभव. केंद्राला विचारा: ही कुठली योजना, कोर्सचा क्रमांक काय, तास किती, प्रवासखर्च आहे का, परीक्षा कोण घेणार. उत्तर कागदावर घ्या.

तर मग आमच्या ग्रामसंघानं काय केलं? हॉल द्यायला नाही म्हटलं नाही. बायकांना शिकायचं आहे, घराबाहेर पडायचं आहे, आणि त्या संस्थेची शिक्षिका खरंच चांगली आहे, तिची शिवलेली कॉलर मी हातात घेऊन बघितली. पण करार करताना चार गोष्टी घातल्या. प्रत्येक बाईचा स्वतःचा मोबाईल नंबर. दर शनिवारी हजेरीची छापील प्रत ग्रामसंघाच्या फळ्यावर. नोकरी किंवा स्वयंरोजगार अशी नोंद करायच्या आधी त्या बाईची सही, आणि ती सही घेताना गटातल्या आणखी एका बाईची साक्ष. आणि गळती झाली तर खरी सांगायची. बायका भांगलणीला जाणार हे गावाला माहीत आहे, म्हणून बॅच दिवाळीनंतर धरली. संस्थेचे साहेब थोडे कुरकुरले. मग मीच त्यांना तो बावीस जणींचा हिशोब मांडून दाखवला आणि म्हटलं, तीस जमवून आठ घालवण्यापेक्षा चोवीसच घ्या, सगळ्या टिकतील. ते बघत राहिले. बहुतेक त्यांना वाटलं नव्हतं की इथं कुणाला हप्त्याचं गणित येत असेल.

वहिनींचं काम अजून लागलेलं नाही. त्यांच्या नावानं माहिती अधिकाराचा अर्ज केलाय, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून फक्त एवढंच विचारलंय: माझ्या नावावर कोणता कोर्स, कोणता मोबाईल नंबर, कोणतं खातं आणि कोणत्या मालकाकडं नोकरी दाखवली आहे, त्याच्या पुराव्याची प्रत द्यावी. अर्ज मी लिहिला, पण सही त्यांनी केली, मोठ्या अक्षरात, पूर्ण नावानं. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आज अठरावा दिवस आहे. वहिनी रोज पोस्टमनला विचारतात, "काय रं, आलं का माझ्या नोकरीचं पत्र?"